चांगुणामावशी, ती आधी माझ्याकडे आली होती

तुमची नाळ कोणी कापली, हे तुम्हाला माहीत आहे का?

कर्जत-खालापूर भागातल्या, विशी-तिशीतल्या वाचकांना मी हे विचारते आहे. माहीत नसेल तर आईला विचारा. निम्म्या घरांत एकच नाव निघेल: पळसदरीची चांगुणा सुईण. गेल्या सोमवारी ती वारली. तिच्या तिरडीला चार खांदे मिळवायला तिच्या मुलाला शेजारच्या गावी जावे लागले. तुम्ही का आला नाहीत, ते मला ठाऊक आहे. ते कारण मीच लिहिले होते आणि मीच छापून वाटले होते.

आता तुमच्याशी बोलणे इथेच थांबवते. जे सांगायचे आहे ते तिला सांगायचे आहे. तुम्ही ऐका.

मावशी, आपल्या शेवटच्या भेटीत मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. ती सांगितल्याशिवाय तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण आधी आपले भांडण सांगायला हवे, कारण लोकांनी त्याची माझी बाजू तेवढी वाचली आहे.

मी पायाळू जन्मले, हे तू मला इतक्यांदा ऐकवलेस की मला ते आठवते असेच वाटायचे. "पायाकडनं आलीस. तवाच तुझ्या आयशीला म्हनले, ही पोर जगाशी वाकडं घेनार." मी वाढले बाबांच्या छापखान्यात. अक्षरे मी उलटी शिकले, कारण छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर ती उलटीच असतात. माझ्या वयाच्या मुली सागरगोटे खेळत तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते: दारूबंदीच्या, खादीच्या, विधवाविवाहाच्या. बेचाळीसात बाबांनी जी छापली ती एक दिवसही घरात ठेवली नाहीत, पण मला ती पाठ होती. जगात जे वाईट आहे ते नीट शब्दांत लिहून वाटले की दूर होते, अशी माझी खात्रीच झाली होती. तू मला लांबून पाहिलेस की घरातल्यांना सांगायचीस, "आला छापखाना."

तू पोटे पाडतेस, हे मला खालापूरच्या साक्षरता वर्गात कळले. दर शनिवारी दुपारी मी कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने खालापूरला जायची आणि देवळाच्या सभामंडपात बायकांना बाराखडी शिकवायची. दोघी कुजबुजत होत्या. त्यात तुझे नाव ऐकू आले. मी दुसऱ्याच दिवशी पळसदरीला आले. तू अंगणात सुपाने नाचणी पाखडत होतीस. तू नाकारशील, मग मी तुला पकडीन, असे मी वाटेत ठरवले होते. तू म्हणालीस, "करते," आणि पाखडत राहिलीस.

ते पाप आहे, असे मी म्हटले.

"मग? नाय असं कोन म्हनलं? पाप हाय. म्हनून तर एकटीला करू देत नाय."

त्या दिवशी तू मला तुझा नियम सांगितलास. एकटी आलेल्या बाईला तू कधी हात लावला नाहीस. बहीण, जाऊ, सासू, शेजारीण, तो पुरुष स्वतः, कोणीही चालेल. पण सगळे माहीत असलेले एक माणूस बरोबर हवे. त्याला तू समोर बसवायचीस आणि विचारायचीस, ही दगावली तर तिच्या घरी जाऊन तू सांगशील का? माणूस हो म्हणाले तरच पुढचे बोलणे. पोटात मूल हलू लागले असेल तर कोणाच्याही पाया पडण्याने तू बधायची नाहीस. आणि काम झाल्यावर तिघांनी एकाच परातीतल्या पाण्यात हात धुवायचे, तू, ती आणि सोबत आलेले माणूस. ज्यांना कोणीच नसायचे त्यांच्यासाठी तू वरच्या ठाकूरवाडीतून एक ठाकर बाई बोलावून आणायचीस. ती ठाकरीण येऊन बसायची आणि तुमच्या लोकांचे काही कळत नाही म्हणून तुझी थट्टा करायची. पोराला आधी पेज लागते, बापाचे नाव मागून मिळाले तरी चालते, असे तिचे म्हणणे.

मला हे सगळे ढोंग वाटले. परातीत हात धुतल्याने काय धुतले जाते, असे मी विचारले.

"काय नाय धुवत," तू म्हणालीस. "तिघींच्या ध्यानात रहातं, एवढंच."

माझे म्हणणे काय होते ते इथे पुन्हा लिहिते, कारण ते मी सोडलेले नाही. पोटातला जीव हा जीव आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे. आणि दुसरे असे, की गावोगावचे इभ्रतदार पुरुष बायकांना नादी लावून मोकळे सुटतात, त्याचे कारण तू आहेस. तू मागचे निस्तरतेस, म्हणून त्यांना कोणी जाब विचारत नाही. हे दुसरे बोलल्यावर तुझे सूप थांबले. ते तुला पटले होते. तू कबूलही केलेस. मग म्हणालीस, "पन बाई जगली तर उद्या तू त्याला धरशील. ती गेल्यावर कुनाला घेऊन जाशील त्याच्या दारात?"

मी म्हटले, आपल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकाने स्वतः घेतली पाहिजे. वाक्य मला फार आवडायचे. कोणत्या तरी पत्रकातून आले असावे.

"तुज्या आयशीला तुला एकटीनं काडता आली आसती का गं?" तू विचारलेस. तुझ्या सुनेने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मी चिडून निघून आले.

एक गोष्ट तू त्या दिवशी सांगितली होतीस आणि मी ती फुशारकी समजले. सोबत घेऊन आलेल्या कितीतरी जणी तुझ्या अंगणातूनच परत गेल्या होत्या आणि बाळंत झाल्या होत्या. जी गोष्ट कोणाला सांगता येणार नाही म्हणून त्या मरायला निघाल्या होत्या, ती एका माणसाला सांगून झाली होती. ते माणूस कोस-दोन कोस बरोबर चालून आले होते. मग परत जाताना त्या दोघी काहीतरी ठरवून जायच्या: माहेरी राहायचे, मुंबईला आत्याकडे जायचे, नाहीतर सरळ तोंड द्यायचे. "त्यातलं एक पोर तुझ्या खालापूरच्या शाळंत आयशीसंगं पाटी घेऊन येतं," तू म्हणालीस. कोणते, ते काही तू सांगितले नाहीस.

मी पत्रक लिहिले. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. बाबांनी पुड्या बांधायचा पिवळट कागद कुठून तरी मिळवला. तुझे नाव मी घातले नाही. पुरुषांना झोडपले, गावच्या पंचांना झोडपले, आणि शेवटी एक ओळ लिहिली: "जी बाई सोबत जाते ती आधार देत नाही, ती गुन्ह्यात भागीदार होते." बाबा स्वतः खिळे जुळवत होते. या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. ही राहू दे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ठळक टाइपात घ्या.

तुझ्या नियमावरच मी नेम धरला होता, मावशी. बाकीचे पत्रक कोणीही लिहिले असते. ती ओळ तुझ्या अंगणात बसून तुझे ऐकले होते म्हणून मला सुचली.

पत्रक कर्जतच्या आठवडी बाजारात गेले, खालापूरला गेले, खोपोलीपर्यंत गेले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना इतरांनी वाचून दाखवले. पुरुषांविरुद्धचा मजकूर लोक दोन दिवसांत विसरले. ती ठळक ओळ तेवढी तोंडी राहिली. पोलीसपाटील ठाकूरवाडीत जाऊन बायकांना दम देऊन आला, तेव्हापासून ती ठाकरीण खाली उतरेनाशी झाली. मी मात्र खुशीत होते. लिहिलेल्याचा परिणाम होतो, याचा मला पुरावाच मिळाला होता.

तू रागावली नाहीस. भेटल्यावर म्हणालीस, "माझं नाव नाय घातलंस, बरं केलंस."

सगळ्यांनी ओळखलेच असेल, असे मी जरा ऐटीत म्हटले.

"वळखनारच. सगळी माज्याच हातची."

आता ती गोष्ट.

तिला मी इथे यमुना म्हणते. खरे नाव तुला ठाऊक आहे आणि इतरांना कळायचे कारण नाही. ती माझ्या खालापूरच्या वर्गात होती. नवरा लढाईवरच्या कामासाठी गेलेला, दोन वर्षांत पत्र नव्हते. पत्र आलेच तर ते दिराकडून वाचून घ्यायला लागू नये, म्हणून ती शिकायला आली होती. सगळ्यांत आधी तिला जोडाक्षरे जमली. वर्गात वाटायला माझ्याकडे दुसरे काही नव्हते, म्हणून मी पत्रकच वाटले होते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिने स्वतः वाचलेला तो पहिला छापील कागद.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली. मी फळा पुसत होते. दिवस गेल्याचे तिने एका दमात सगळे सांगितले, त्या पुरुषाचे नाव तेवढे सांगितले नाही. मग म्हणाली, "चांगुनामावशी एकटीला घेत नाय. भैनीला इचारलं आसतं, पन तुमी लिवलंय ना, संग जानारी पन त्यात येते. तिला कशाला घालू त्यात? तुमीच चला, बाई. तुमी भांडाल माज्याशी वाटंत, पन याल."

मी तिला नाव विचारले. त्या माणसाचे नाव सांग, मी छापते, असे म्हटले. नाव छापल्यावर मी राहू कुठे, असे तिने विचारले. मी तिला तत्त्व सांगितले. मी याविरुद्ध लिहिले आहे. मीच तुझ्याबरोबर गेले तर माझ्या लिहिण्याला काय अर्थ राहील? तू मूल होऊ दे, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. कुठे उभी राहीन, ते मी सांगितले नाही. माझ्या घरी ये, असे मी म्हटले नाही. ते माझ्या मनातसुद्धा आले नाही, मावशी. माझ्या मनात त्या वेळी, खरे सांगते, साडेतीनची मोटार होती.

तिने मान हलवली. फळ्याचे फडके माझ्या हातातून घेतले, वरची राहिलेली ओळ पुसली आणि गेली.

सोमवारी ती तीन कोस चालून तुझ्याकडे आली. एकटी. तू तिला भाकरी खायला घातलीस आणि, बोलवायला ती ठाकरीणही आता नव्हती, म्हणून कोणाला तरी घेऊन उद्या ये असे सांगून परत धाडलीस. हे मला तूच सांगितलेस. तिने माझे नाव घेतले नाही. माझ्याकडे जाऊन आले, असेही ती म्हणाली नाही. परत गेल्यावर तिने घरातल्या घरात काहीतरी घेतले. बुधवारी ती गेली. घरच्यांनी कावीळ सांगितली आणि दुपारच्या आत सगळे उरकले.

मी तुझ्याकडे आले तेव्हा तू अंगणात नुसतीच बसली होतीस. हातात सूप नव्हते, काही नव्हते. तू म्हणालीस, माझ्या नियमाने मारली तिला. चाळीस वर्षे धरलेला नियम एका दिवसापुरता सोडला असता तर काय झाले असते? मी म्हटले, तुझा दोष नाही. ते खरे होते. पण का खरे होते, ते मला माहीत होते आणि तुला नव्हते. मग तू माझ्याकडे बघून विचारलेस, "तिला एक पन मानूस नव्हतं का गं? एवड्या मुलखात? एकबी?"

मी म्हटले, "नसेल."

हीच ती गोष्ट.

त्या दिवसापासून तू काम सोडलेस. पाडण्याचे सोडलेसच, पण बाळंतपणांनाही जाईनाशी झालीस. बोलावणे आले की सुनेला धाडायचीस. माझ्या पत्रकाला जे जमले नव्हते ते यमुनाने केले, आणि मी ते माझ्या खात्यावर जमा होऊ दिले. बाजारात एका सद्गृहस्थाने माझे अभिनंदन केले. मी नमस्कार केला.

पुढे तुला हिवताप झाला. क्विनीन मिळेपर्यंत तू फार खंगलीस. शेवटच्या भेटीत तू मला म्हणालीस, तुझा तो कागद मला कोणी पुरता वाचून दाखवला नाही, जो तो आपल्याला हवे तेवढेच सांगतो, तू वाच. मी वाचला. पुरुषांचा भाग आला तेव्हा तू दोनदा "बरोबर" म्हणालीस. ती ठळक ओळ आली तेव्हा मी ती गाळून पुढची वाचली.

तुझे डोळे मिटलेले होते. "संग जानारीचं राहिलं," तू म्हणालीस.

मी कागदाची घडी घातली. तू वाट पाहिलीस. तू वाट पाहत होतीस हे मला कळत होते. तेवढ्यात सून पेज घेऊन आली, तुला उठवून बसवायला मी तुझ्या पाठीशी हात घातला, आणि ती वेळ गेली. तुझी पाठ किती हलकी झाली होती. निघताना तू म्हणालीस, "ये गं पुन्हा, छापखान्या. भांडन राहिलंय." मी पुढच्या रविवारी येणार होते. त्याआधीच्या सोमवारीच तुझा मुलगा खांदे शोधत फिरत होता.

तुला माहीत होते का, हे मी आता कोणाला विचारू? सुनेला विचारले. ती म्हणाली, सासूबाईंनी तुमच्याबद्दल वाईट कधी काढले नाही. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर सांगते. मावशी, तिला एक माणूस होते. ती आधी माझ्याकडे आली होती. तुझा नियम बरोबर होता आणि तिने तो पाळायचा प्रयत्न केला होता. मी नाही म्हटले म्हणून ती एकटी आली. तू ज्याचे ओझे घेऊन गेलीस ते तुझे नव्हते.

आपले भांडण मिटलेले नाही. पोटातला जीव जीव आहे, हे मी आजही म्हणते, आणि तू असतीस तर आजही तू "मग? नाय कोन म्हनलं?" असेच म्हणाली असतीस. पण मी त्या जिवाच्या बाजूने बोलत होते, तर त्या शनिवारी त्याच्यासाठी तरी मी तीन कोस चालायला हवे होते. वाटेत मी तिच्याशी कडाडून भांडले असते. तुझ्या अंगणात तू मला समोर बसवून तुझा प्रश्न विचारला असतास. कदाचित आम्ही दोघी तिथूनच परत फिरलो असतो आणि मी तिला बाबांच्या घरी घेऊन गेले असते. कदाचित नसतो फिरलो, आणि मला परातीत हात धुवावे लागले असते. दोन्हींतले काही झाले असते तरी यमुना आज जोडाक्षरे वाचत असती. मी ज्या मुलासाठी लेखणी उचलली ते मूल आणि त्याची आई दोघेही गेली, आणि माझे तत्त्व तेवढे शाबूत राहिले.

तुझे मी आणखी काय देणे लागते ते मोजत बसत नाही. तू मला पायाकडून ओढून बाहेर काढलेस, माझी आई वाचवलीस आणि बावीस वर्षे माझे बोलणे ऐकून घेतलेस. तुझ्यासारखे भांडणारे माणूस मला पुन्हा मिळणार नाही. हे तू असताना म्हणायचे राहिले.

आता पुन्हा वाचकांशी बोलते. ते पत्रक मी मागे घेत नाही. त्यातली ती ठळक ओळ मागे घेते. ती खोटी होती. ज्यांनी ती लोकांना वाचून दाखवली त्यांनी हेही त्याच लोकांना वाचून दाखवावे. आणि एक विनंती. तुमच्या आळीत, वाडीत, वर्गात एक बाई अशी आहे की जी आज ना उद्या तुमच्या दारात येऊन तुम्हाला बरोबर चला म्हणेल. तुम्ही तिच्या विरुद्ध मताचे असाल, माझ्याइतके कडवे असाल, तरी तिला दारातून एकटी पाठवू नका. वहाणा घाला आणि तिच्याबरोबर निघा. भांडायचे असेल तर वाटेत भांडा.